एकाच प्याल्याचा हट्ट

बाईंनी मला जगवलं, हे आधी लिहिते. बाकी सगळं त्यानंतर. दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली तर माझंच रडगाणं पुढे येईल आणि बाई कुठेतरी शेवटी, आभाराच्या ओळीत उरतील. तसं व्हायला नको.

बाई म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या शिक्षिका. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवला आणि निवृत्त झाल्यावर रविवारी आमच्या चर्चमध्ये लहान मुलांना शिकवायला लागल्या. मुलगा-सून पुण्याला, बाई एकट्या. अंगानं किरकोळ, शुगरची तक्रार, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत कायम खडूचे दोन-चार तुकडे असायचे, वाटेत कुठे फळा लागला तर जवळ असावेत म्हणून. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. मी पण.

मी सातवीत शाळा सोडली. लिहिता येतं, पण लिहायला बसलं की अजून वाटतं, कुणीतरी मागनं येऊन वही ओढून घेईल. आता मी छत्तीसगडमध्ये मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. इथे मला सगळ्या दीदी म्हणतात आणि माझ्या हिंदीला हसतात. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडते, मगच गॅस पेटवते. थंडीत मुली कुरकुरतात. मी ऐकत नाही. का ऐकत नाही ते आजवर इथे कुणाला सांगितलेलं नाही. तिकडेही नाही.

माझं माहेर उंब्रजजवळचं, सासर वाळवा तालुक्यातलं. इस्लामपूरपासून थोडं आत, ऊसपट्ट्यात, एक लहानसं चर्च आहे. पंचवीस-तीस घरांची मंडळी. सासरे त्या चर्चचे सेवक होते. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, दिवाबत्ती बघायची, कबरस्थानात गुरं शिरली तर हाकलायची. त्यांच्या मागे माझा नवरा, आणि नवरा गेल्यावर मी. मूलबाळ झालं नाही. चर्चच्या मागच्या बाजूला एक खोली, वर पत्रा, दाराशी तुळईएवढ्या जाड खोडाचा शेवगा. मंडळीचा कारभार बघणारे पंच म्हणाले, राहा, काम बघ. मी राहिले. कागद काही नव्हता. त्यांच्या शब्दावर माझं छप्पर.

म्हणून मी देवाकडे एकच मागायची, जसं हाय तसं राहू दे. सकाळी हेच, रात्री हेच. बाकीच्या बायका मुलाला नोकरी मागायच्या, सुनेला दिवस राहू देत म्हणायच्या. मला नवं काही नको होतं. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलले की माझी झोप उडायची. चर्चमध्ये लाउडस्पीकर आला तेव्हा सगळे खूश, आणि मी दोन दिवस जेवले नाही. मला वाटलं, आता घंटा कशाला लागेल, आणि घंटा लागत नसेल तर मी कशाला लागेन.

माझ्या सगळ्या कामांत मानाचं काम एकच. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, त्याची तयारी. शनिवारी संध्याकाळी तासगावकडच्या काळ्या मनुका धुऊन कोमट पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, हातानं कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. तो आमचा द्राक्षरस. गव्हाच्या पिठाची पातळ पोळी, बिनमिठाची, बिनतेलाची, तव्यावर कोरडी भाजायची. ती भाकर. आणि प्याला. साहेब लोकांच्या काळातला, पितळेचा, वर चांदीचा मुलामा. ओठ लागून लागून काठावरचा मुलामा उडाला होता आणि आतलं पिवळं दिसायचं. तो मी चिंचेनं घासायची. त्या एका प्याल्यातून सगळी मंडळी प्यायची. पुढच्या कठड्याशी माणसं गुडघे टेकायची. पाळक प्रत्येकानंतर पांढऱ्या रुमालानं काठ पुसायचे, प्याला थोडा फिरवायचे आणि पुढच्याच्या ओठाला लावायचे.

करोनात चर्च बंद होतं. उघडल्यावरही प्रभुभोजन बरेच महिने झालं नाही. पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा नवे पाळक आले होते, तरुण, हळू बोलणारे. रविवारच्या भक्तीनंतर बैठक बसली आणि बाई उठल्या. म्हणाल्या, इथून पुढे प्रत्येकाला वेगळा लहान पेला द्यावा, बऱ्याच ठिकाणी आता तसं करतात. नुसतं बोलून थांबल्या नाहीत. चाळीस काचेचे पेले त्यांनी आणलेच होते, अंगठ्याएवढे, प्रत्येक कागदात गुंडाळलेला. पिशवीतून काढून एकेक टेबलावर मांडत गेल्या.

मी दाराशी बसले होते. बैठकीत बोलायचा मला हक्क नव्हता. पण ते पेले मी बसल्या जागेवरून मोजत गेले. चाळीस पेले कुणीही विसळील. त्याला चिंच नको. उद्या बाटलीतला रस आणतील, मग मनुकाही नकोत.

मी उभी राहिले आणि माझ्या आज्याची गोष्ट सांगितली. उंब्रजजवळच्या आमच्या गावात आमच्या लोकांना विहिरीला हात लावू देत नसत. कुणीतरी वरनं पाणी ओतायचं, आम्ही खाली ओंजळ धरायची. आजा पहिल्यांदा चर्चमध्ये गेला तेव्हा पाळकांनी स्वतः प्यालेला प्याला त्याच्या ओठाला लावला. घरी येऊन आजा भिंतीकडे तोंड करून रडला, असं वडील सांगायचे. गोष्ट खरी आहे. मी ती त्या दिवशी काठीसारखी वापरली. म्हणाले, "प्रभूच्या प्याल्यातनं कवा रोग जातोय व्हय? भरवसा पायजे." आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून बाईंकडे बघून म्हणाले, "बाईंना आमच्या उष्ट्याची किळस येती. तसं सरळ सांगावं की मग."

मागे कुणीतरी हसलं. बाई काही वरच्या घरातल्या नव्हत्या. त्यांच्या वडिलांनीही तशीच ओंजळ धरली होती आणि मला ते माहीत होतं.  बाईंनी पेले पुन्हा एकेक करून कागदात गुंडाळले, पिशवीत ठेवले. पंचांनी माना डोलावल्या. प्याला राहिला. बाईंना ते पेले गुंडाळताना बघून मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मला खोकला लागला.

आमच्याकडे साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आभाळातून काजळी पडते. चिमणीतून उडालेली, काळी, हलकी. वाळत घातलेल्या धुण्यावर, अंगणात, कधी ताटातल्या भातावर. चर्चच्या पुढच्या टेबलावर पांढरं कापड असायचं आणि त्यावर काजळीचा एक कण पडलेला मला खपायचा नाही. म्हणून हंगामभर मी चर्चच्या खिडक्या बंद ठेवायची, फटींमध्ये चिंध्या कोंबायची. सासरे तसंच करायचे. खोकला काजळीचा आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. हंगामात थोडाफार सगळेच खोकतात, कुणाला नवल वाटलं नाही.

पण मला दुपार कलली की ताप यायचा. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. काय झालं असेल याचा अंदाज मला होता. माहेरी माझा चुलता क्षयानं गेला. आधी त्याची ताटली वेगळी झाली, मग त्याची खाट गोठ्यात गेली, मग त्याच्याशी बोलायला कुणी गोठ्यात जाईना. ते मी लहानपणी बघितलं होतं. म्हणून मी अडुळशाचा काढा प्यायची आणि गप्प राहायची. बायकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी डोळे मिटून आमेन म्हटलं आणि तापाचं सांगितलं नाही. कुणी दवाखान्याचा विषय काढला की माझं उत्तर तयार असायचं, मी प्रभूवर टाकलंय. आमच्यात असं म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. त्या एका वाक्याच्या आड मी चार महिने काढले.

त्यातलं एक प्रभुभोजन मला विसरता येत नाही. जानेवारीचा पहिला रविवार. कठड्याशी बायकांची रांग गुडघे टेकून, माझ्या उजव्या हाताला बाई. प्याला माझ्यापर्यंत आला आणि मला उबळ आली. पदरात खोकले. पाळक थांबले. मी तोंड पुसलं आणि प्याले. त्यांनी काठ पुसला, प्याला फिरवला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग प्याल्या. त्यांनी घोट घेतला तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? आल्या का नाही शेवटी आमच्या उष्ट्यावर. गुडघे टेकून, देवासमोर, हे मनात आलं.

मार्चमधल्या एका दुपारी बाई मुलांच्या चित्रांचा गठ्ठा ठेवायला चर्चमध्ये आल्या. ऊन मरणाचं, आणि मी खोलीच्या पायरीवर घोंगडं पांघरून बसलेली. मला उबळ आली. उठून मोरीवर गेले. तांब्यातलं पाणी ओतायच्या आत बाई मागे येऊन उभ्या होत्या. रक्त त्यांनी बघितलं.

"किती दिवस झाले?"

मी म्हणाले, हिरडीचं आहे.

"जन्मभर चौथीची पोरं सांभाळलीत मी. खोटं बोलणाऱ्याचं तोंड कसं होतं ते मला शिकवू नकोस."

"आवं बाई, प्रभू हाय की. त्येच्यावर टाकलंय मी सगळं."

बाई पायरीवर बसल्या, माझ्या अगदी शेजारी. "टाकलंयस कुठं गं? सगळं मुठीत आवळून बसलीयस. टाकलं असतंस तर हात मोकळे दिसले असते."

मी रडायला लागले. म्हणाले, तुम्ही पंचांना सांगणार, माझी खोली जाणार, मी कुठं जाऊ. बाईंनी उठून मोरीवर पाणी ओतलं. मग म्हणाल्या, "मी नाही सांगणार. सांगायचं ते तू सांगशील, तुझ्या तोंडानं. मी वाट बघेन. आता पायात चप्पल घाल."

त्यांनी मला एसटीनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं थुंकी द्यायला झाकणाची एक छोटी प्लॅस्टिकची डबी दिली. ती हातात घेऊन मी बाकावर बसले होते, बाईंच्या पेल्यांहून थोडीशीच मोठी. दोन दिवसांनी निकाल आला. क्षयच. सिस्टरनं घरात कोण कोण आहे विचारलं, आणखी कुठे माणसांत बसता विचारलं. मी चर्चचं सांगितलं आणि आधी प्याल्याचं विचारलं.

"कपाचं सोडा हो मावशी," ती म्हणाली. "त्यातनं फारसं काही होत नाही. हा रोग श्वासातनं जातो. तिथं खिडक्या किती हायत?"

मी म्हणाले, आठ.

"उघड्या असत्यात?"

 बाईच म्हणाल्या, "आता असतील."

परतताना एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकलेली. मध्येच त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, म्हणजे माझे चाळीस पेले फुकट गेले म्हणायचे, आणि तुझा प्याला निर्दोष सुटला. मला हसता आलं नाही. आम्ही दोघी ज्या गोष्टीसाठी भांडलो तिच्यात काही नव्हतं. जे होतं ते माझ्या हातानं, चिंध्या कोंबून, मी आत बंद केलं होतं. कशासाठी, तर एका कापडासाठी.

पुढे बाईंनी जे केलं ते मी जसंच्या तसं लिहिते. पहिले तीन आठवडे त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवलं. पाळकांना सांगितलं, हिला अशक्तपणा आलाय, माझ्याकडे राहू दे. माझ्या जागी दुसरं कुणी येऊ नये म्हणून घंटा स्वतः वाजवली. झाडलोट स्वतः केली. पासष्ट वर्षांची बाई, दोरी ओढताना टाचा उचलल्या जायच्या, असं नंतर मुलांनी मला हसत सांगितलं. आठही खिडक्यांतल्या चिंध्या काढून त्यांनी चुलीत घातल्या. पांढऱ्या कापडावर काजळी पडली तर ते घरी आणून धुतलं. सकाळी उपाशीपोटी माझ्या हातावर गोळ्या ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर बसायच्या. मग अंडं आणि पोहे. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी लाल व्हायची, मी घाबरून रडायची, आणि बाई म्हणायच्या, दवाखान्यानं दिलेला गोळ्यांचा तक्ता वाच, त्यात लिहिलंय तसंच होतंय.

मी खोलीवर परत आले. ताप गेला, बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. रविवारी घंटा वाजवताना वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, पुढच्या रविवारी. बाई कधी विचारायच्या नाहीत. भक्ती संपल्यावर जाताना नुसतं बघायच्या.

जूनमध्ये बाईंना खोकला लागला.

त्यांची थुंकी तपासली तेव्हा तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, शुगरच्या माणसाला कुणाकडूनही होऊ शकतं, कुठून आलं ते सांगता येत नाही. पण मला सांगता येत होतं. तीन आठवडे मी त्यांच्या घरी झोपले होते. त्याआधी चार महिने त्यांच्यासोबत त्याच बंद खिडक्यांच्या चर्चमध्ये बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, कुणाकडून आलं याला काय करायचंय, गोळ्या त्याच आहेत, तुला तक्ता पाठ आहे, आता तू मला सांग.

बाईंनी मात्र माझ्यासारखं केलं नाही. गोळ्या सुरू होऊन डॉक्टरांनी माणसांत जायला परवानगी दिली, त्या पहिल्याच रविवारी त्या बैठकीत उभ्या राहिल्या. मला क्षय झालाय, औषध चालू आहे, सगळ्यांनी तपासून घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. एवढंच. आमच्या पंचांतले एक, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर चालवून हात टणक झालेले, तोंडाचे फटकळ, ते म्हणाले, "म्हंजे पेल्याचा आग्रह त्यासाठी हुता व्हय. बाईंना आधीपासनंच ठावं हुतं की."

 बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, एवढं मला नक्की आठवतंय. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खरं सांगायचं तर त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. सांगायचं ते तू सांगशील, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तो शब्द त्या पाळत होत्या. मी दाराशी, घंटेच्या दोरीशेजारी बसले होते. उठायला तीन पावलांची जागा होती. प्याल्यासाठी मी त्याच जागेवरून उठून बोलले होते.

मी बसून राहिले.

सगळ्यांनी तपासून घेतलं. देवाच्या दयेनं आणखी कुणाला निघालं नाही. पाळकांनी समजावून सांगितलं की औषध सुरू झाल्यावर भीती नसते. लोकांनी ऐकलं आणि पुढच्या रविवारी बाईंच्या बाकावर कुणी बसलं नाही. त्यांच्या पुढच्या बाकावरही नाही. पाळक मधूनमधून जाऊन बसायचे, पण त्यांना पुढे उभं राहावंच लागायचं. लहान पेले मात्र आता सगळ्यांना पटले. चाळीस पेले बाईंच्या पिशवीतून पुन्हा बाहेर आले, आणि प्याला मी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी मनुका धूत होते. तेच पंच खोलीच्या दाराशी आले. म्हणाले, "बाईंचा पेला येगळा ठिव. वळखायला कायतरी खूण कर."

मी हो म्हटलं. का म्हटलं? खोली होती. छप्पर होतं. ज्या बाईंनी माझ्यासाठी घंटा वाजवली त्यांच्या पेल्याच्या बुडाला मी पांढरा दोरा बांधला. दोन गाठी मारल्या, सुटू नये म्हणून. आजा, ओंजळ, वरनं ओतलेलं पाणी, त्यातलं मला त्या संध्याकाळी काही आठवलं नाही. मी नुसत्या गाठी नीट बसल्यात का ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाई कठड्याशी आल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. पाळकांना खुणेचं काही माहीत नव्हतं, ट्रे मी धरला होता आणि त्यातला तो पेला मीच बाईंच्या बाजूला फिरवला. बाईंनी दोरा बघितला. बोटानं एकदा चाचपला. त्या गाठी कुणाच्या ते त्यांना कळलं असणार, चर्चची फाटकी कापडं शिवणारी मीच होते. त्यांनी पेला उचलला, डोळे मिटले, प्याल्या आणि ट्रेमध्ये उलटा ठेवला. मग नेहमीसारखं हळूच "आमेन" म्हणाल्या. भक्तीनंतर घरी जाताना माझ्या हातात राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवून गेल्या. माझ्या गोळ्या संपायला अजून पंधरा दिवस होते आणि अंगात ताकद यायला हवी होती ना.

माझे सहा महिने संपले. बाईंचे चालू होते. त्याच सुमारास पाळकांच्या ओळखीतून छत्तीसगडचं हे काम आलं. स्वयंपाकाला मराठी बाई चालेल, राहायची सोय आहे. पाळकांना वाटलं मी नाही म्हणेन, मला सगळे ओळखून होते. मी त्याच क्षणी हो म्हटलं. आयुष्यभर प्रत्येक बदलापुढे आडवी पडलेली मी, पहिल्यांदा न भांडता हो म्हटलं, आणि ते पळून जायला. ज्या खोलीसाठी मी तोंड शिवून बसले, ती खोली मी चार दिवसांत झाडून किल्ली पंचांकडे दिली. लोक म्हणाले, बघा, देवावर भरवसा ठेवून एवढ्या लांब निघाली. पाळकांनी माझ्यासाठी पुढे बोलावून प्रार्थना केली. तेव्हाही मी डोळे मिटून आमेन म्हटलं.

निघायच्या दिवशी बाई स्टँडवर आल्या. कराडपर्यंत एसटी आणि तिथून गोंदियाची गाडी. त्यांनी डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, एक वही आणि दोन पेनं. मी म्हणाले, वही कशाला बाई, मला काय लिहायचंय. त्या म्हणाल्या, असू दे. एसटी सुरू झाली तेव्हा खिडकीशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी वाट बघते हं."

गाडी कराड सोडून साताऱ्याकडे निघाली. माहेरचा मुलूख खिडकीतून मागे जायला लागला तेव्हा मला आजा आठवला. डबा मांडीवर होता. तो मी साताऱ्यापर्यंत उघडू शकले नाही.

बाई बऱ्या झाल्या आहेत. रविवारी दुपारी त्यांना फोन करते. शेवगा किती लागला, मुलांनी काय गोंधळ घातला, ते सगळं सांगतात. मी विचारलं नाही तरी त्यांच्या बाकाचं कळतं. आता मुलं बसतात त्यांच्याशेजारी, म्हणाल्या, पोरांना कशाचं काय. मोठ्यांचं त्या काही सांगत नाहीत. मला काही विचारतही नाहीत. आमचे पाळक उपदेशात सांगायचे, कुणाशी मिटवायचं राहिलं असेल तर आधी ते मिटवून या, मग इथे गुडघे टेका. इथल्या चर्चमध्येही महिन्यातून एकदा ट्रे फिरतो. माझ्यासमोर आला की मी नको म्हणून मान हलवते. वॉर्डनला वाटतं, मराठी पद्धत वेगळी असेल.

माझी प्रार्थना आता बदललीय म्हणावं तर तसंही नाही. अजून पहिल्यांदा तोंडात जसं हाय तसं राहू दे हेच येतं. मग मी थांबते. हात मोकळे करून मांडीवर ठेवते आणि बाईंचं नाव घेते. त्यापुढे मला काही मागता येत नाही.

ही वही बाईंनी दिलेलीच आहे. लिहून झालं की पानं पाळकांना पाठवणार आहे, मंडळीत वाचून दाखवा म्हणून. पण कागद पाठवून सुटका करून घेणं मला चांगलं जमतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून तेवढ्यानं सांगितलं असं मी धरत नाही. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जाईन म्हटलं होतं आणि गेले नाही, म्हणून यंदाचं नाव घेत नाही. पण बाई, एक दिवस मी येईन. शनिवारी येऊन मनुका मी भिजत घालीन. रविवारी ट्रे फिरायच्या आधी दाराशेजारच्या त्याच जागेवरून उठून, तो आजार माझा होता आणि त्या गाठी माझ्या होत्या, हे माझ्या तोंडानं सांगीन. मग तुमच्या बाकावर, तुमच्या शेजारी येऊन बसेन, आणि तुम्ही थकाल तेव्हा सकाळी तुमच्या हातावर गोळ्या ठेवून तुम्ही गिळेपर्यंत समोर बसेन. तुमचं हे मी फेडीन, बाई. तोवर वाट बघा.